नागपुरात भाड्याने घर शोधताय? माझे 93,000 रुपये कसे गेले ते आधी वाचा

हे लिहायला मला तीन महिने लागले. घरात अजून सगळ्यांना खरा आकडा माहीत नाही. सासूबाईंना वीस हजार सांगितले आहेत. खरे 93,000 आहेत. टोकन 5,000, डिपॉझिट 70,000, जूनचं आगाऊ भाडं 11,000, ॲग्रीमेंटचा खर्च म्हणून 1,500 आणि दलालाचे 5,500. परभणीहून सामान आणणाऱ्या टेम्पोचे 16,500 आणि नंतर लॉजवर काढलेल्या चार रात्रींचे 4,400 यात धरलेले नाहीत.

प्रकार तुम्हाला माहीत असलेलाच आहे. भाडेकरूच मालक बनतो, एकच घर चार-पाच जणांना देतो, सगळ्यांना ताब्याची एकच तारीख सांगतो आणि तारखेच्या दोन-तीन दिवस आधी गाशा गुंडाळतो. असल्या बातम्या मीही वाचलेल्या होत्या. "लोक इतके कसे फसतात" असं म्हटलेलंही होतं.

एप्रिलमध्ये मला बुटीबोरीच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. हातात 27,400. पुण्यातही एक नोकरी मिळत होती, पगार थोडा जास्त होता. पण पुण्याचं भाडं भरून आई, मुलगी आणि मी कसं भागवणार? यांची नोकरी परभणीतच, ते येऊ शकत नव्हते. नागपूर परवडेल, शहर मोकळं आहे, कंपनीची बस वर्धा रोडने जाते, त्या रस्त्याजवळ घर मिळालं की झालं, असा हिशोब केला. हिशोब चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

11 मे, रविवार. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी उतरले, सीताबर्डीत लॉजवर बॅग टाकली आणि उन्हात निघाले. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. दुपारपर्यंत चार घरं पाहिली. नरेंद्रनगरचं 16,000 ला, माझ्या ऐपतीबाहेर. बेसाकडचं स्वस्त होतं, पण बसचा थांबा लांब. उरलेल्या दोन ठिकाणी मालकांनी घर दाखवण्याआधीच चौकशी केली. मिस्टर कुठे असतात? ते सोबत राहणार नाहीत? मग कसं काय? आडनाव काय म्हणालात? कोणत्या गावचे? एका बाईंनी तर दारातूनच "फॅमिलीलाच देतो आम्ही" म्हणून लोखंडी जाळी ओढून घेतली. आई, मी आणि नऊ वर्षांची मुलगी ही फॅमिली नाही का?

म्हणून पाचव्या घरात, मनीषनगरात, त्या माणसाने यातलं काहीच विचारलं नाही तेव्हा मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, डोळ्यात पाणी आलं. "ताई, टेन्शन नका घेऊ. मला भाडेकरू चांगला पाहिजे, बाकी काही देणंघेणं नाही." माझी जात त्याने विचारली नाही, नवरा विचारला नाही, ऑफर लेटर मी पुढे केलं तर ते पाहिलंही नाही. खऱ्या मालकाने निदान ऑफर लेटर तरी वाचलं असतं. त्याला माझ्याबद्दल काही जाणून घ्यायची गरजच नव्हती, कारण मी तिथे राहणार नव्हतेच.

दोन खोल्या आणि हॉल, तिसरा मजला, भाडं 11,000. त्या भागात 15,000 च्या खाली मिळत नाही हे सकाळपासून कळलेलं होतं. म्हणून डिपॉझिट जास्त, 70,000. "भाडं कमी पाहिजे तर डिपॉझिट वाढवावं लागते नं ताई." यात मला काही वावगं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. असे व्यवहार सगळीकडे होतात. ज्याला दरमहा जपून खर्च करायचा असतो तो हाच मार्ग पत्करतो. हे लोक नेमकं अशांनाच हेरतात.

आता तो क्षण. हॉलच्या खिडकीत हिरवा कूलर होता. मी घामाने निथळत होते, म्हणून तो कूलर लावायला गेला. पंखा सुरू झाला, पण गरम हवा. पंपाचं बटण त्याला सापडेना. त्याने बोर्डावरची सगळी बटणं दाबली, बाहेरचा दिवा लागला, ट्यूबलाइट लागली, मग दाराजवळच्या दुसऱ्या बोर्डाकडे गेला. शेवटी मीच खाली वाकून पिन पाहिली, ती सॉकेटमधून निघालेली होती. नागपुरातल्या माणसाला स्वतःच्या घरातला कूलर लावता येत नाही, आणि मी ते उभी राहून पाहिलं. "मी कुठं राहतो ताई इथं, भाड्यानेच असते घर," तो म्हणाला. मी मान डोलावली.

आणि जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर एक आजी दारात गहू निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काऊन बाई, पुन्हा घर पाहून राहिले का लोकं?"

पुन्हा. त्यांनी स्पष्ट "पुन्हा" म्हटलं. तो माझ्या मागे दोन पायऱ्यांवर होता. त्याने घाईने "हो आजी, हो" केलं आणि मला पुढे काढलं. मी हसले आणि उतरले. त्या ताटाजवळ दोन मिनिटं बसले असते, "पुन्हा म्हणजे काय हो आजी, आधी कोण आलं होतं?" एवढं विचारलं असतं, तर त्यांनी सगळं सांगितलं असतं. नंतर सांगितलंच. त्या आठवड्यात तीन कुटुंबं येऊन गेली होती, आणि हा माणूस फेब्रुवारीपासून तिथे भाड्याने राहत होता. तो राहत होता! कूलर तेवढा मूळ मालकाचा होता, उन्हाळा लागेपर्यंत याने कधी लावलाच नव्हता. ताट, त्यातले खडे बाजूला काढणारी त्यांची बोटं, सगळं मला आजही दिसतं. घर पाहायला जाल तेव्हा शेजाऱ्याशी बोला, आणि घर दाखवणारा सोबत नसताना बोला. संध्याकाळी एकटे परत जा आणि बोला.

त्याच दिवशी 5,000 टोकन दिलं. खात्यावर बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे." विजेचं बिल मी मागितलं होतं, हेही सांगते, म्हणजे मी अगदीच डोळे झाकून गेले असं कोणी म्हणू नये. बिलावर तिसरंच नाव होतं. "वडील वारले, नाव बदलायचं राहिलं." आमच्या परभणीच्या घराचं बिलसुद्धा अजून सासऱ्यांच्या नावावर येतं, मग मी कोणत्या तोंडाने शंका घेणार होते?

दुसऱ्या दिवशी सोमवार, 12 मे, बुद्धपौर्णिमा. मला रात्रीच्या गाडीने परत जायचं होतं. मी म्हटलं, करार नोंदवून घेऊ. तो म्हणाला, आज सरकारी सुट्टी, ऑफिस बंद, तुम्ही राहायला आल्यावर निवांत करू, आज नोटरी करून ठेवू. मला पटलं. ऑनलाइन भाडेकरारासाठी आपल्याला नोंदणी कार्यालयात पाऊलही टाकावं लागत नाही, माणूस मशीन घेऊन घरी येतो आणि दोघांचे अंगठे आधारशी जुळवून घेतो, हे मला नंतर कळलं. नोंदणी फी 1,000 रुपये, वर स्टॅम्प ड्युटी. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. "नंतर करू" म्हणणाऱ्याला डिपॉझिटही नंतरच द्या.

त्या 500 च्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का माझी सही व्हायच्या आधीच मारलेला होता. मी पाहिला आणि तरी सही केली. मग 70,000 आणि 11,000 पाठवले. त्यातले 48,000 मुलीच्या नावाची आरडी मोडून आले होते.

31 मे, शनिवार, दुपारी टेम्पो गेटजवळ लागला तेव्हा तिथे आधीच एक जोडपं बाइकवर गादी बांधून उभं होतं. चंद्रपूरहून आलेलं. त्या मुलाच्या हातात माझ्यासारखाच स्टॅम्प पेपर होता. आम्ही एकमेकांचे कागद पाहिले. काही बोलायची गरज पडली नाही. फोन बंद होता. वर कुलूप. खरा मालक पुण्यात, आजींच्या मुलाकडून त्याचा नंबर मिळाला, तो बिचारा आमच्यापेक्षा जास्त घाबरला. आई टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून होती, मुलगी मला विचारत होती की आपली खोली कोणती.

आता पोलिसांबद्दल. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे मला अजून जायचं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोन कुटुंबं गेलो. दीड तास बाकावर. मग प्रश्न: "पैसे कुठून पाठवले?" सीताबर्डीच्या लॉजवरून. "मग तिकडं जा." तिकडच्या ठाण्यात: "घर कुठं आहे? मग तिकडं जा." रात्री साडेदहाला परत पहिल्या ठाण्यात. तिथे मला विचारलं, "तुमचे मिस्टर कुठं आहेत?" घर देताना मालकांना नवरा हवा, आणि तक्रार घेताना पोलिसांनाही नवरा हवा. नंतर, "मॅडम, हे दिवाणी मॅटर आहे. तुम्ही स्वखुशीने पैसे दिले, ॲग्रीमेंट आहे, कोर्टात जा." पाच जणांना एकच घर विकल्यासारखं देणारा माणूस दिवाणी मॅटर कसा होतो? साधा अर्ज दिला तर पोहोच द्यायला तयार नाहीत. "साहेब आल्यावर." साहेब बंदोबस्ताला.

1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर त्या रात्री तिथल्या एकाही माणसाने सांगितला नाही. चंद्रपूरच्या मुलाने रविवारी सकाळी स्वतः शोधून लावला, तिथे मात्र लगेच तक्रार घेतली. माझे पैसे वीस दिवसांपूर्वीच गेले होते, खात्यात 640 रुपये सापडले, ते गोठवले. पण नंतर कळलं, फसलेली आम्ही एकूण पाच कुटुंबं होतो, आणि त्यातल्या पाचव्या कुटुंबाने 30 मे रोजी रात्री 15,000 टोकन दिलं होतं. शनिवारी संध्याकाळी ते खात्यातच होते. रविवारी पहाटे निघाले. नंबर सांगायला किती वेळ लागतो? त्या बाकावरच्या दीड तासात त्यांचे पंधरा हजार वाचले असते. हे मला माझ्या पैशांपेक्षा जास्त डाचतं.

बँकेत तर आणखी वेगळं. "ओटीपी कोणाला दिला नाही ना? मग ही फसवणूक नाही, तुम्हीच ट्रान्सफर केलं." म्हणजे चोराने खोटं नाव सांगून आपल्याच हातून पैसे घेतले तर ती चोरी नाही.

शेवटी लॅबमधल्या एका ताईंच्या दिरांनी, ते वकील आहेत, रस्ता दाखवला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तरी घेतलं नाही तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे पोस्टाने पाठवायची. आम्ही पाचही कुटुंबांनी एकत्र तक्रार लिहिली, स्पीड पोस्टने उपायुक्तांकडे पाठवली, पावती जपली. 19 जूनला एफआयआर झाला, भारतीय न्याय संहिता कलम 318(4), म्हणजे फसवणूक. त्याआधीच्या एकोणीस दिवसांत मी चार रजा बिनपगारी टाकल्या. नोकरी नवीन, रजा साठलेली नाही. त्यानंतर तपास अधिकारी एकदा बदलले आणि नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आरोपी सापडलेला नाही. दलाल म्हणतो मीही फसलो, माझे 5,500 मात्र परत देत नाही.

अंगठा जुळला म्हणजे माणूस तोच आहे एवढंच कळतं, तो मालक आहे हे कळत नाही. त्यासाठी सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), म्हणजे घर कोणाच्या नावावर नोंदलं आहे ते दाखवणारा नोंदणीचा उतारा, पाहा. तो नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर शोधता येतो. सोबत चालू वर्षाची घरटॅक्स पावती मागा. बिल, पावती, सूची, बँक खातं, चारही ठिकाणी एकच नाव नसेल तर कितीही गोड कारण सांगितलं तरी ऐकू नका. आणि नोकरीवर रुजू व्हायच्या गडबडीत असाल तर महिनाभर पेइंग गेस्ट म्हणून राहा, मग घर शोधा. मला हे सुचलं होतं, मुलीच्या शाळेसाठी पक्का पत्ता हवा म्हणून केलं नाही. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, वेळ होता.

आता आम्ही उज्ज्वलनगरकडे एका खोलीत राहतो, भाडं 8,500, करार नोंदवलेला. मनीषनगरच्या आजींकडे मी एकदा जाऊन आले. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "मी त्या दिवशी मोठ्याने बोलायला पाहिजे होतं."

आमच्या एफआयआरमध्ये पाच कुटुंबं आहेत. आजींच्या मोजणीप्रमाणे घर पाहून गेलेले किमान आठ होते. मार्च ते मे 2025 मध्ये मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीत हिरवा कूलर असलेलं घर तुम्हाला 11,000 भाड्याने कोणी दाखवलं असेल आणि तुम्ही टोकनचे हजार रुपये जरी दिले असतील, तर लाजू नका. स्टॅम्प पेपर आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे जा आणि या गुन्ह्यात तुमचा जबाब घ्यायला सांगा. मला निरोप पाठवा, मी सोबत येईन.