अमिट्राझ १२.५ टक्के: गोचिडावर चोख, पण फवारणाऱ्याने जपून

खानापूर-निपाणी पट्ट्यात गोठ्यात गोचीड वाढले की दुकानदार अमिट्राझ या गोचीडनाशकाची ही बाटली पुढे करतो. गोचिडासाठी पाचपैकी चार तारे. डेल्टामेथ्रिन या दुसऱ्या गोचीडनाशकाला दाद न देणारे गोचीडही यानं गळतात. प्रमाण १ लिटर पाण्याला २ मिली, मोठ्या म्हशीला साधारण ३ लिटर द्रावण. जांघ, कास, शेपटीखाली आणि कानामागं नीट भिजवा. आधी धार काढा, पुढच्या धारेआधी कास धुवा. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा सोडल्यात तर पुन्हा तेच, कारण मादी अंडी तिथंच घालते.

फवारणाऱ्याच्या सुरक्षेसाठी मात्र दोनच तारे. लेबलावरची सूचना मुंगीच्या अक्षरात. पाण्यात मिसळण्याआधीचं औषध सर्वांत घातक, म्हणजे धोका माप घेतानाच. त्यात झायलीनसारखं द्रावक, म्हणजे औषध विरघळवणारं रसायन असतं, ते कातडीतून आत जायला मदत करतं आणि पेटतंही, म्हणून बिडी लांब. नायट्राइल हातमोजे घाला, माप सिरिंजनं घ्या, टोपणानं नको. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल भिजला की औषध उलट गालाशीच धरून ठेवतो. वाऱ्याकडे पाठ करून फवारा. आणि हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका, निपाणीकडच्यांना हे मुद्दाम सांगायला हवं. तणनाशकाचा पंप जनावरावर वापरायचा नाही.

विषबाधा झाली तर गुंगी येते, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, डोळ्याची बाहुली बारीक होते, रक्तातली साखर वाढते. बारीक बाहुली आणि मंद नाडी ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेतही दिसते, त्यामुळे डॉक्टरांची फसगत होऊ शकते. अमिट्राझवर खास उतारा नाही, श्वास आणि रक्तदाब सांभाळत उपचार करावे लागतात. म्हणून तालुक्याला न्या की बेळगावला, बाटली सोबत हवीच. थंड पेयाच्या बाटलीत सुट्टं औषध घेतलं असेल तर डॉक्टरांना दाखवायला लेबलच उरत नाही. शिवाय पोरं ते सरबत समजून पितात. पोटात गेलं तर उलटी करवू नका, द्रावक फुप्फुसात उतरतं. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवा.

गोठ्यात घोडा असेल तर ही बाटली घेऊच नका, त्याचं आतडं तुंबतं. तिथं डॉक्टरांना विचारून दुसरं औषध घ्या.