पणजीत नवीन आलात? आधी कुठलं पुस्तक उघडाल

भाचीची बँकेतून पणजीला बदली झाली. सांत इनेजला भाड्याची जागा मिळाली, गॅस आला आणि तिसऱ्याच दिवशी तिचा फोन. "मावशी, हे गाव कळेल असं एखादं पुस्तक दे ना. पण इतिहासाचा ठोकळा नको हं. झोपण्याआधी हसत दहा पानं वाचता येतील असं."

कपाटातून पुस्तकं काढून टेबलावर मांडली, तेव्हा लक्षात आलं की निवड वाटली तेवढी सोपी नाही. हलकंफुलकं म्हणावं असं लेखन गोव्यावर आहे, पण प्रत्येकातला गोवा वेगळ्या तालुक्यातला आणि वेगळ्या घरातला. भलतंच आधी हातात पडलं, तर माणूस सहा महिने भलत्याच गोव्यात राहतो.

नव्याने आलेल्याला मी पहिल्यांदा व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाच देते. त्याच्या चित्रांचा कुठलाही संग्रह चालेल. वाचायचं फारसं काही नाही, बघायचं. झग्यातला पाद्री, कोंबून भरलेली बस, बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची हजेरी घेणारी म्हातारी, आणि कोपऱ्यात बहुधा एखादं कुत्रं. जन्म 1926 चा, दमणचा; घर लोटलीचं; 2011 मध्ये तो गेला. त्याची चित्रं आता टाइल्सवर, कपांवर, टी-शर्टांवर इतकी झाली आहेत की आम्हा इथल्यांना कधीकधी कंटाळा येतो. नव्या माणसाला येत नाही.

शनिवारी भाचीला पणजी मार्केटात घेऊन गेले. संग्रह तिने आदल्या रात्री चाळला होता. मासळीच्या ओट्यावर एक बाई मांडी ठोकून बसलेली, समोर सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, वाटे, कानात सोन्याच्या जड कुड्या. "बाय, व्हर गो, ताजीं आसात." घेऊन जा गं, ताजी आहेत. भाचीने पुण्याच्या सवयीने किलोचा भाव विचारला. बाईने तिच्याकडे असं पाहिलं की शेजारच्या दोघी हसायला लागल्या. वाट्याचा भाव विचारायचा असतो, हे त्या नजरेतच आलं. ओट्याखाली एक मांजर डोळे अर्धे मिटून आपल्या वाट्याची वाट बघत होतं. "मावशी, हे मांजर काल रात्री पुस्तकात होतं!" मारिओचं काम एवढंच, डोळा तयार करणं. ते एका रात्रीत होतं.

त्यात उणं काय, तर 'का' या प्रश्नाचं उत्तर चित्रात नसतं. आणि मारिओचा गोवा मुख्यतः ख्रिस्ती घरांचा, दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्याकडचा. देवळातल्या जत्रेपेक्षा चर्चच्या फेस्ताला त्याचा हात जास्त खुलतो.

'का' विचारायला लागलात की मनोहर माळगावकरांकडे जा. 'इनसाइड गोवा' 1982 साली तेव्हाच्या गोवा, दमण आणि दीवच्या सरकारने काढलं. मजकूर माळगावकरांचा, चित्रं मारिओचीच, म्हणजे एका पुस्तकात दोघं. माळगावकर आधी सैन्यातले अधिकारी, शिकारी, मग लेखक. राहायचे घाटापलीकडे जगलबेटच्या रानात. इतिहासही ते शेकोटीभोवती बसून किस्से सांगावेत तसा सांगतात. इंग्रजी सोपं आहे, पण माझी प्रत इतकी जड आहे की पोटावर ठेवून वाचायची सोय नाही. भाचीने उचलून बघितली आणि तशीच परत ठेवली.

आता दोन आठवणीवजा पुस्तकं. दोन्ही इंग्रजीतली आणि दोन्ही बाहेरून येऊन इथे घर केलेल्यांची. फ्रँक सिमॉइश मुंबईच्या जाहिरातक्षेत्रातला मोठा माणूस. मूळ गोव्याचं, घर कांदोळीला. त्याचं 'ग्लॅड सीझन्स इन गोवा' 1994 चं. काथारिना कक्कर या जर्मन अभ्यासक बाई दिल्ली सोडून दक्षिण गोव्यातल्या खेड्यात आल्या; त्यांचं 'मूव्हिंग टू गोवा' 2013 चं. सिमॉइश आपल्या गावाच्या प्रेमात बुडालेला. एक मासा ताटात आला तरी त्याचा सण होतो. मजा येते, पण सलग पन्नास पानं वाचली की फार गोड खाल्ल्यासारखं होतं. कक्करबाईंची नजर परकी, त्यामुळे नव्या माणसाला जिथे अडखळायला होतं तिथे त्याही अडखळतात. दोघांतलं एकच घ्यायचं तर मी कक्कर घेईन, कारण कामाला येतं.

फक्त एक ध्यानात ठेवा. हा समुद्राजवळच्या गावातल्या स्वतःच्या घराचा गोवा आहे. सांत इनेजच्या दुसऱ्या मजल्यावर भाडं भरून राहायचं, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकून पोयी (इथला पाव) घ्यायला धावत खाली जायचं आणि संध्याकाळी कदंब बसस्टँडवर कंडक्टरचं "फुडें वच, फुडें वच" ऐकत उभं राहायचं, तो गोवा यांत जवळजवळ नाही.

आणखी एक अडचण. वरची सगळी पुस्तकं वाचली तरी गोवा म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी, एवढंच डोक्यात बसतं. हे तीन तालुके पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतले. आम्ही त्यांना जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, म्हणतो. सत्तरी, पेडणे, फोंडा हा भाग त्यांच्या हाती आला अठराव्या शतकात. तिथला गोवा देवळांचा, कुळागरांचा (नारळ-सुपारीच्या बागांचा), जत्रेच्या रात्री उजाडेपर्यंत चालणाऱ्या नाटकांचा, आणि मराठी पोथी-कीर्तनाचा. बँकेच्या काउंटरवर वाळपईहून, साखळीहून येणारी माणसं त्या गोव्यातली आहेत.

म्हणून मराठी वाचणाऱ्याने महादेवशास्त्री जोश्यांचं 'आत्मपुराण' सोडू नये. हेच ते 'भारतीय संस्कृतिकोशा'चे संपादक. कोशामुळे लोकांना वाटतं माणूस रुक्ष असेल. अजिबात नाही. सत्तरीतल्या आंबेडे गावचं बालपण, मग सांगलीला शास्त्र शिकायला जाणं, हे सगळं ते स्वतःचीच टोपी उडवत सांगतात. त्यांचा विनोद मोठ्याने हसवत नाही; पान उलटल्यावर हसू येतं. पणजी यात नावापुरती. तरीही पणजीत राहणाऱ्याला मी ते देते, कारण बसमधल्या शेजारच्या माणसाचं घर कसं असेल, हे या पुस्तकातून कळतं.

आणखी एक पुस्तक लोक हौसेने भेट देतात, जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. उत्तम आहे, मीही दोनदा वाचलंय. पण ते आरवलीचं, म्हणजे तेरेखोलच्या पलीकडचं, वेंगुर्ल्याकडचं. त्यातली माणसं इथे शोधू नका. आणि मारिया ऑरोरा कुटो यांचं 'गोवा: अ डॉटर्स स्टोरी' कोणी सुचवलं तर वाचा जरूर, पण वर्षभराने. ते हलकं नाही आणि हलकं असायचा त्याचा आवही नाही.

विकत घेण्याआधी पणजीतल्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात एक फेरी मारा. कदंब स्टँडवरून चालत जाता येतं. संस्था 1832 ची, इमारत मात्र नवी. गोव्याबद्दलच्या पुस्तकांचा विभाग वेगळा आहे. तासभर बसून चाळलं तर कुठल्या लेखकाशी आपलं जमेल ते कळतं.

इथे दोनतीन महिनेच काढायचे असतील, तर मारिओवर भागेल. वर्ष-दोन वर्षं राहणार असाल आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल, तर त्यात माळगावकर घाला. मराठीच वाचणार असाल, तर सरळ 'आत्मपुराण'. स्वतःचं घर बांधायला आला असाल तर सिमॉइश आणि कक्कर दोघंही घ्या. प्लंबरची वाट बघताना वेळ चांगला जाईल.

भाचीने मारिओ आणि महादेवशास्त्री नेले. परवा रात्री दहाला तिचा फोन. "मावशी, जुन्या सचिवालयाजवळ तो एक पुतळा आहे ना, हात पसरलेला माणूस आणि खाली कोसळणारी बाई? तो तिला मारतोय का गं?"

आबे फारिया तो. कांदोळीत जन्मलेला, पॅरिसला जाऊन संमोहनविद्येत नाव काढलेला पाद्री. फोनवर एवढंच सांगितलं आणि माळगावकर पिशवीत भरून दाराशी ठेवले. रविवारी येतेय ती न्यायला.