टाचेत स्क्रू नव्हताच

मला सीएमटी आहे. पूर्ण नाव शार्को-मारी-टूथ, नसांचा आनुवंशिक आजार. 1886 मध्ये याचं वर्णन झालं आणि साधारण 2500 माणसांत एकाला तो असतो, तरी बहुतेक डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो. हाडांचे निष्णात सर्जनसुद्धा याला अपवाद नाहीत. रोज गुडघे बदलणाऱ्या माणसाकडे असं पाऊल वर्षानुवर्षं येत नाही. मी ज्यांच्या तावडीत सापडले त्यांचा धंदा याच गोष्टीवर चालतो.

आधी पावलाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नडगीच्या पुढचा स्नायू आणि पायाच्या बाहेरच्या बाजूचा एक स्नायू लवकर कमजोर होतात. त्यांच्या विरुद्ध ओढणारे स्नायू मात्र बराच काळ ताकद धरून असतात. ही रस्सीखेच वर्षानुवर्षं चालते. मग तळव्याची कमान उंच चढते, टाच आत कलते, बोटं मुडपतात. सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो, तिथे घट्टे पडतात, घोटा मुरगळतो, चप्पल पायातून निसटते. नुसतं ताणलेलं काहीतरी सैल केलं तर हे पाऊल काही दिवस बरं दिसतं आणि पुन्हा तसंच होतं, कारण ओढणारा स्नायू अजून ओढतोच आहे. म्हणून हाड सरळ करायचं आणि त्या जोरकस स्नायूचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून उपयोगी जागी जोडायचं, अशी दोन्ही कामं बहुतेक वेळा एकत्र करावी लागतात.

मी जाहिरात पाहिली ती "न्यूरोपॅथीच्या पावलांचे विशेषज्ञ" अशी; न्यूरोपॅथी म्हणजे नसांचा आजार. आधीचे-नंतरचे फोटो होते. फोन केला की डॉक्टर येत नाहीत, समन्वयक येतो. गोड बोलणारा. "ताई, सर स्वतः करणार, तुम्ही निश्चिंत राहा." मग तारखेची घाई, या आठवड्यात एकच जागा उरली आहे, ॲडव्हान्स भरून टाका, ती परत मिळत नाही पण तसा प्रश्नच येणार नाही, वगैरे.

सरांची भेट झाली. त्यांनी मला खुर्चीत बसवून पावलाकडे पाहिलं, मोबाइलवर एक्स-रे मोठा करून पाहिला आणि चांगला तगडा आराखडा लेटरहेडवर लिहून दिला: टाचेचं हाड कापून सरळ करून स्क्रू, अंगठ्यामागच्या हाडाला पाचर काढून वर उचलणं, टिबियालिस पोस्टिरियरचं (पाऊल आत ओढणाऱ्या जोरकस स्नायूचं) टेंडन पावलाच्या वरच्या बाजूला आणणं. कागदावर चूक काहीच नव्हती. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनीही तो वाचून मान डोलावली. फक्त मला चालायला कोणी सांगितलं नव्हतं. पाऊल उचलून दाखवा, आत दाबा, बाहेर दाबा, हेही नाही.

सोबत समन्वयकाने दोन पुरवण्या लावल्या, "नस मोकळी करणं" आणि स्टेम सेलची इंजेक्शनं. माझा प्रकार सीएमटी 1ए. यात 17व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी22 या जनुकाची एक जादा प्रत असते. गुणसूत्राचा तो तुकडा दुप्पट असतो हे 1991 मध्येच सापडलं, त्यात हे जनुक असल्याचं 1992 मध्ये. त्यामुळे नसेवरचं आवरण तिच्या संपूर्ण लांबीभर सदोष असतं. एका जागी नस अडकलेली असेल, मनगटात अडकते तशी, तर ती सोडवता येते, आणि सीएमटी असलेल्यालाही तसं वेगळं दुखणं होऊ शकतं. पण सदोष आवरण चिरा देऊन सुधारत नाही. स्टेम सेलने सीएमटी बरा होतो हेही आजवर सिद्ध झालेलं नाही. या दोन्ही मी नाकारल्या. तेव्हा समन्वयकाचा सूर पहिल्यांदा बदलला.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देण्याआधी सर दिसले, नंतर नाही. ड्रेसिंगला कनिष्ठ डॉक्टर. "सर कॉन्फरन्सला आहेत." मला लवकरच प्लास्टरवर भार देऊन चालायला सांगितलं, तेव्हा आश्चर्य वाटलं, कारण हाड कापलं असेल तर ते सांधेपर्यंत काही आठवडे पाय टेकवू देत नाहीत. विचारलं तर उत्तर आलं, "आमची पद्धत आधुनिक आहे."

प्लास्टर उतरलं. टाच आतच कललेली. कमान किंचित सैल. वर एक नवीन भानगड: त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, पायऱ्या चढताना पाऊल मागून ढकलतच नव्हतं.

दुसऱ्या सर्जन मॅडमनी मला अनवाणी चालायला लावलं, समोरून बघितलं, मागून बघितलं. एकेक स्नायू हाताने अडवून त्याची ताकद शून्य ते पाचमध्ये मांडली. टेंडन दुसरीकडे जोडलं की स्नायूची ताकद साधारण एका अंकाने घटते, म्हणून किमान चार असलेलाच निवडायचा, हे मला तिथे कळलं. मग इंचभर जाडीचा लाकडी ठोकळा आणला. टाच आणि पावलाची बाहेरची कड त्यावर, अंगठ्याची बाजू ठोकळ्याबाहेर खाली. याला कोलमन ब्लॉक टेस्ट म्हणतात. अशा उभ्या स्थितीत टाच सरळ झाली तर दोष मुख्यतः पुढच्या भागात आहे आणि टाचेचा सांधा अजून लवचीक आहे. साधा ठोकळा, पण ऑपरेशन कोणतं हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा. माझी टाच अर्धवटच सरळ झाली.

मग त्यांनी व्रण पाहिले. एक तळव्याच्या आतल्या बाजूला, एक टाचेच्या मागे. "तुमच्यावर काय काय केलंय असं सांगितलंय?" मी डिस्चार्ज समरी दिली. त्यात लेटरहेडवरचं सगळं झाल्याचं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, टेंडन पुढे आणायला साधारण तीन-चार चिरा लागतात: पावलाच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर आतून, नडगीच्या पुढे आणि पावलाच्या पाठीवर. टाचेचं हाड कापायला बाहेरच्या बाजूने चीर. यातली एकही तुमच्या पायावर नाही. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये टाचेत स्क्रू नव्हता, हाड कापल्याची खूण नव्हती. बिलात स्क्रू होता.

मी लेखी अर्ज करून संपूर्ण केस पेपर मागितले. बरीच टोलवाटोलवी झाली, पण मिळाले. ऑपरेशन नोट वेगळ्याच अक्षरात, खाली वेगळ्याच डॉक्टरांची सही, आणि मजकूर दोन ओळींचा: तळव्याचा पट्टा सोडवला, टाचेमागचं टेंडन (अकिलीस टेंडन) लांबवलं. उंच कमानीच्या पावलात पुढचा भाग खाली झुकलेला असतो, त्यामुळे मागचं टेंडन आखडल्यासारखं वाटतं, पुष्कळदा तसं नसतं. सीएमटीत पोटरी पुढे कमजोर होऊ शकते, म्हणून ते लांबवण्याआधी दहादा विचार करतात. माझा चवडा का उठत नाही ते त्या दोन ओळींत होतं. इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर, ज्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो आणि जो फाइलमध्ये चिकटवतात, तो कुठेच नव्हता.

तेव्हा सर्जन शोधताना फोटो आणि पदव्या बाजूला ठेवा. कोणतं टेंडन कुठून कुठे नेणार आणि त्या स्नायूची आजची ताकद किती, हे विचारा. ज्याने तपासलंय तो लगेच सांगतो. सीएमटीची किती पावलं स्वतः केली आहेत तेही विचारा; खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. पहिल्याच भेटीत "तिन्ही सांधे जोडून टाकू" (म्हणजे घोट्याखालचे तीन सांधे कायमचे ताठ करू) म्हणणाऱ्याकडून उठून दुसरं मत घ्या. ताठर, झिजलेल्या पावलाला ते लागतं, पण सांधे जोडले की पुढच्या वर्षांत भार घोट्यावर जाऊन तो झिजतो. संमतीपत्रावर मुख्य सर्जनचं नाव हाताने लिहून घ्या. आणि ऑपरेशन नोट, स्टिकर, नंतरचा एक्स-रे यांच्या प्रती घरी जाण्यापूर्वीच मागा, तेव्हा कागद अजून ताजे असतात.

माझ्या तक्रारीवर रुग्णालयाचं उत्तर आलं: आराखड्यातला बदल हा "शस्त्रक्रियेदरम्यान घेतलेला वैद्यकीय निर्णय" होता आणि स्क्रू "लिपिकाच्या चुकीने" बिलात गेला. स्क्रूचे पैसे परत केले. सर्जनच्या नावाबद्दल उत्तरात एक शब्द नाही. ती तक्रार आता वैद्यकीय परिषदेकडे आहे, समरी आणि ऑपरेशन नोट एकमेकांशेजारी लावून.