कोलकात्याची पहिली मेट्रो: उघडा खंदक की शील्ड?

२४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा ३.४ किमीचा टप्पा सुरू झाला. १९९५ मध्ये दमदम ते टॉलीगंज सलग जोडले गेले. यातला बहुतेक बोगदा 'कट अँड कव्हर' पद्धतीचा, म्हणजे वरून उघडा खंदक खणून, आत बोगदा बांधून पुन्हा झाकलेला आहे.

या पद्धतीत आधी दोन्ही बाजूंना अरुंद चर खणून बेंटोनाइट या चिकणमातीच्या पातळ गाऱ्याने भरतात, म्हणजे कडा ढासळत नाहीत. मग सळ्यांचा सांगाडा सोडून तळापासून काँक्रीट भरत आणतात. भिंती तयार झाल्यावर मधली माती काढत टप्प्याटप्प्याने आडवे टेकू द्यायचे. खरी मेख इथेच आहे. कोलकात्याची माती मऊ, चिकण. टेकू उशिरा बसला की भिंत आत झुकते, मागची जमीन खचते आणि शेजारच्या घरांना तडे जातात. शिवाय जलवाहिन्या आणि गटारे आधी हलवावी लागतात, रस्ता वर्षानुवर्षे अडतो.

बेलगाछिया-श्यामबाजार दरम्यान मात्र वर कालवा आणि रेल्वेचे रूळ. तिथे खंदक अशक्य, म्हणून सुमारे १ किमी शील्डने, म्हणजे जमिनीखाली पुढे सरकणाऱ्या पोलादी नळकांड्याच्या आडोशाने, खोदले, पाणी रोखायला आत दाबाखालची हवा ठेवून. रस्ता मोकळा राहतो, पण हवेचा दाब सतत सांभाळावा लागतो.

उथळ स्थानकांसाठी खंदकच योग्य होता. प्रवाशाला जिने कमी चढावे लागतात.