भिंतीवरच्या इडलीला ग्रहण

टिळकवाडीतल्या आमच्या नेहमीच्या नाष्ट्याच्या हॉटेलात भिंतीवर नवं चित्र आलंय. काळंभोर आकाश, खोबऱ्याच्या किसाच्या चांदण्या आणि चंद्राच्या जागी घास तोडलेली इडली. खऱ्या इडलीला पाचपैकी चार. चित्राला पाच, पण आक्षेपासह.

मालक म्हणतात, ही दशमी-एकादशीची कला. कशी काय? कलेची कड चंद्राच्या एका टोकापासून थेट समोरच्या टोकापर्यंत जाते. घासासारखी खाच पडते ती ग्रहणात, पृथ्वीच्या गोल सावलीनं. ती गोलाई बघूनच ॲरिस्टॉटलनं पृथ्वी गोल असल्याचं मांडलं. तेव्हा हे खंडग्रास चंद्रग्रहण, वाद संपला.

संपला कुठला! ग्रहणात आमच्याकडं कोण खातंय? मग घास तोडला कुणी? "राहूनं गा," मित्र म्हणाला. पण राहूला धडच नाही. गिळलेला तुकडा गळ्यातून खाली पडायला पाहिजे. चित्रात तो कुठं हाय? शिवाय तिथवर पोचलेली सावली चंद्राच्या सुमारे २.६ पट रुंद असते, म्हणजे तोंडही अडीच इडल्यांहून मोठं हवं. तसलं तोंड आमच्याच टेबलावर होतं, तिसऱ्यांदा चटणी मागत.

खग्रास बघायचं तर इडली सांबारात बुडवा. वातावरणातून वळून आलेल्या लालसर उजेडानं चंद्र तांबूस दिसतो, तोच रंग. सांबार मात्र जरा गोडच. कॉफी झकास. रविवारी सकाळी उभ्यानंच खावं लागतं.