गंगापूर रोडचं पोटाचं क्लिनिक: डॉक्टर एक नंबर, बाहेर बसायची तयारी ठेवा

3 स्टार. कापलेले दोन्ही काउंटरमुळे, साडेदहाची अपॉइंटमेंट आणि नंबर लागला सव्वा वाजता, त्यात नाना उपाशीपोटी, पार्किंगचं तर नावच काढू नका.

नानांचा अल्सर जुना, सातपूरला कंपनीत होते तेव्हापासूनचा, वर गुडघ्यासाठी मेडिकलवरून पेनकिलर आणून खायची सवय. आम्ही आपले मिसळीला शिव्या घालायचो. दोन महिन्यांपासून चार घासात पोट गच्च आणि संध्याकाळी उलटी, त्यात सकाळचे पोहे शेंगदाण्यासकट जसेच्या तसे. आधीच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या बदलत ठेवल्या, तोवर 8 किलो वजन गेलं.

इथे पहिला प्रश्न, उलटीत हिरवं-पिवळं पित्त असतं का? नाही म्हटल्यावर नानांना झोपवलं, कमरेला धरून हलवलं, आणि पोटातून अर्धी कळशी डुचमळल्यासारखा आवाज, मला खुर्चीत ऐकू आला! खाल्लेलं तर आदल्या रात्री.

मग केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. जठर जिथे लहान आतड्याला मिळतं तिथे अल्सर होतो, भरतो, परत होतो, शेवटी वण कडक होऊन ते तोंडच आखडतं, भाजलेली कातडी आखडते तसं. नुसती सूज असेल तर औषधाने उतरते, वण नाही उतरत. पित्त मिसळतं त्या तोंडाच्या पुढे, म्हणून उलटीत दिसत नाही.

ॲडमिट करून नाकातून नळी टाकून पोट रिकामं केलं, उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं ते सलाईनमधून भरलं, मग दुर्बीण. तुकडाही काढला कारण असं तोंड कॅन्सरनेही बंद होतं. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस घरात कोणाला जेवण गेलं नाही. सुदैवाने तसलं काही नव्हतं. फुगा घालून तोंड रुंद केलं, दोनदा करावं लागलं, नाहीच जमलं तर ऑपरेशन हे आधीच सांगितलेलं. अल्सर करणारा एच पायलोरी जंतू निघाला, त्याचा 14 दिवसांचा कोर्स, पेनकिलर कायमच्या बंद. याच जंतूचं पाणी मार्शल नावाच्या डॉक्टरने 1984 मध्ये स्वतः पिऊन पाहिलं आणि 2005 ला नोबेल घेतलं, हे ऐकून नाना म्हणाले, मग माझं बक्षीस कुठंय?

पक्कं बिल दोनदा मागितल्यावर मिळालं. कार्ड चालत नाही, कॅश न्या.