थिंकपॅड टी४८०: लाईटच्या भरवशावर न राहणारा जुना लॅपटॉप

सेकंड हँड लॅपटॉप दाखवताना दुकानदार ‘आय-फाइव्ह, सोळा जीबी, एसएसडी’ एवढं म्हणून मोकळा होतो. लातूर-बीडकडे बसून कोड लिहिणाऱ्याने त्याला आधी बॅटरीचं विचारावं. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हा २०१८ चा, कंपन्यांनी वापरून सोडलेला लॅपटॉप. तो आजही घेण्याजोगा आहे तो मुख्यतः त्याच्या दोन बॅटऱ्यांमुळे. एक २४ वॅट-अवरची, आत बसवलेली. दुसरी खालचे खटके सरकवून निघणारी; ती २४ ची चपटी मिळते किंवा ४८ नाहीतर ७२ ची जाड. ७२ चीच घ्या. त्यामुळे लॅपटॉप मागून थोडा उचलला जातो, हवेलाही जागा होते.

मशीन आधी बाहेरची बॅटरी संपवतं, मग आतली. म्हणून बाहेरची रिकामी झाली की चालू मशीनमधूनच ती काढून दुसरी लावता येते. व्हीएस कोड, ब्राउझरचे दहा-बारा टॅब आणि एक लोकल सर्व्हर यांचा खर्च १२ वॅट धरला तर दोन्ही मिळून ९६ वॅट-अवर आठ तास पुरतात. अर्थात बॅटऱ्या नव्या असतील तर. जुन्या मशीनवर विंडोजमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही कमांड चालवा आणि मूळ क्षमतेशेजारी आजची क्षमता बघा. तोही आकडा बॅटरीतल्या चिपने सांगितलेला असतो, आणि बिननावाच्या बॅटरीची चिप काहीही सांगू शकते. तेव्हा दुकानातच चार्जर काढा, व्हिडिओ लावून ठेवा आणि अर्ध्या तासात किती टक्के उतरते ते मोजा. टचपॅडचा भाग वर आलेला दिसला किंवा क्लिक अडकत असेल तर आतली बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी.

बॅटरीनंतर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारी मशीनची मूळ सेटिंग. सुरू होताना एफ-वन दाबून आत जा. सुपरव्हायझर पासवर्ड मागितला तर मशीन खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी या. तो पासवर्ड माहीत नसेल तर कंपनीच्या हिशोबाने इलाज एकच, मदरबोर्ड बदलणे. ‘नंतर काढून देतो’ या आश्वासनावर पैसे देऊ नयेत.

मग डावीकडचे दोन यूएसबी-सी पोर्ट. चार्जिंग यांच्यावरच चालतं आणि दोन्ही थेट मदरबोर्डला डाग दिलेले असतात. पिन हलकेच हलवून बघा. चार्जिंगची खूण ये-जा करत असेल तर पुढचा खर्च तुमचा. इथे या मॉडेलचा एक प्रसिद्ध दोषही आहे. त्यातला एक पोर्ट थंडरबोल्ट, म्हणजे जास्त वेगाचा यूएसबी-सी; त्याच्या जुन्या फर्मवेअरमुळे (चिपमधल्या सॉफ्टवेअरमुळे) त्याची साठवणीची चिप हळूहळू भरत जाते, आणि एक दिवस यूएसबी-सीवरून चार्जिंग किंवा मॉनिटर बंद पडतो. लेनोवोने यावर अपडेट काढला आहे. लिनक्स टाकण्याच्या घाईत विंडोज पुसण्याआधी तो करून घ्यावा.

स्क्रीन फुल एचडी (१९२० बाय १०८०) आयपीएसच हवी, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारी. १३६६ बाय ७६८ ची स्वस्त मिळते, पण शेजारी टर्मिनल उघडला की कोडला जागा उरत नाही. रंग फिके आहेत, डिझाइनच्या कामाला उपयोग नाही. कीबोर्ड मात्र नव्या महाग लॅपटॉपांना लाजवेल असा.

रॅमचे दोन स्लॉट आहेत, डीडीआर४. आठ-आठच्या दोन पट्ट्या टाका. सोळाची एकच टाकली तर ग्राफिक्स मंदावतं. एनव्हीएमई एसएसडी बसते, पण तिला पीसीआयई ३ या जोडणीच्या दोनच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात. म्हणजे कागदावरसुद्धा वेग सेकंदाला २ जीबीच्या आतच. महागडी जेन-फोर (पीसीआयई ४ ची) घेण्यात पैसा वाया.

उन्हाचं वेगळं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ ला टेकतो, आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर १५ वॅटचा, चार कोरचा. बिल्ड चालू झाला की तापतो आणि वेग उतरवतो. प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असणं आणि पंख्यात बसलेली धूळ ही त्यामागची नेहमीची कारणं. उघडण्याआधी बायोसमध्ये पॉवरखाली ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडा, मग बाहेरची बॅटरी काढा, मग स्क्रू. झाकण नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, कडेचे प्लास्टिक खटके तुटतात. गिटारचं पातळ पिक चालतं. पंख्यावर ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. लिनक्सवर हे मशीन गरजेपेक्षा आधीच वेग पाडतं, त्यावर ‘थ्रॉटल्ड’ नावाचं छोटं साधन मिळतं.

उबंटू किंवा फेडोरा बिनतक्रार चालतं. टीएलपी हे बॅटरी सांभाळणारं साधन टाकून आतल्या बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. उष्णता आणि सतत शंभर टक्के, दोन्ही मिळून बॅटरी लवकर मरते. बाहेरची मात्र भरलेली राहू द्या, ती बदलता येते. विंडोज ११ या प्रोसेसरला चालतं. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरणार असाल तर तिला रॅमची मर्यादा घालून द्या, नाहीतर ती निम्मी रॅम ओढून बसते. सर्व्हरवरचं लांबलचक काम टीमक्स (tmux) या टर्मिनल जिवंत ठेवणाऱ्या साधनात चालवा. नेट तुटलं तरी ते तिकडे चालू राहतं. अँड्रॉइड एम्युलेटर रोजचा असेल किंवा मशीनवरच एआय मॉडेल चालवायचं असेल, तर हा लॅपटॉप घेऊ नका.

आता इन्व्हर्टर. घरोघरी तो यूपीएस मोडवर ठेवलेला असतो, आणि त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० खाली गेलं की तो बॅटरीवर उडी मारतो. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि लाईट असूनही इन्व्हर्टरची बॅटरी खाली होत राहते. डेस्कटॉपला हा मोड लागतोच, पण लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि लाईट जाताना मधे पडणारा क्षणाचा खंड त्याची बॅटरी झेलते. म्हणून दुसऱ्या, रुंद पल्ल्याच्या मोडवर ठेवा. त्या मोडमध्ये लाईट गेली की राउटर मात्र बंद-चालू होतो आणि नेट परत यायला दोन-तीन मिनिटं जातात. त्याला छोटा डीसी यूपीएस वेगळा लावा, व्होल्ट आणि अँपिअर राउटरच्या ॲडॉप्टरवर वाचून.

डीपीवर न्यूट्रल सुटला तर व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतं. स्पाइक गार्ड क्षणाचा झटका अडवतो, मिनिटभर टिकलेलं जास्त व्होल्टेज नाही. त्यासाठी हाय-लो कट-ऑफ असलेला प्रोटेक्टर बोर्डात बसवून घ्या. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीची पातळी उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. बोअरचं पाणी सोडाच, घरच्या आरओचंही नको. त्यातही क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणून ठेवा.